आपापल्या गाड्या तपासून घ्याव्यात

फोटोत माझे वडील पाठमोरे होते. बॉनेटमध्ये वाकलेले. जुनी खाकी पँट, बाह्या दुमडलेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘पार्किंगमध्ये अनोळखी व्यक्ती गाडी उघडून बसली आहे. सभासदांनी आपापल्या गाड्या तपासून घ्याव्यात.’

मी तेव्हा वर स्वयंपाकघरात होते. गाडीतलं जुनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, धरायला रुंद टब हवा होता, तो शोधत होते.

खाली उत्तरं येऊ लागली. ‘हल्ली कोणीही आत येतं.’ ‘वॉचमन काय करतो?’ कुणी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, कुणी अंगठ्याचं.

गाडी माझी. जागा माझी. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट. रोज सकाळी कॉलेजला जाताना मी हीच गाडी यांच्यासमोरून काढते. मग कुणालाच कळलं नाही, ही गाडी कुणाची? की कळलं होतं आणि म्हणूनच फोटो टाकला?

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात शिकवते. कोथरूडला हा फ्लॅट घेतला तेव्हा सगळे गोड बोलले. आडनाव मात्र दोनदा विचारलं. ‘मूळचे कुठले तुम्ही?’ मी सांगितलं, पुण्याचेच. ते उत्तर त्यांना नको होतं. बुद्धपौर्णिमेला समोरच्या घरी खिरीचा डबा दिला. संध्याकाळी डबा धुऊन परत आला. ‘छान होती हं,’ असं समोरच्या बाई म्हणाल्या. खाल्ली की ओतून दिली, मला अजून माहीत नाही. विचारू कशी? असा संशय घेऊन जगायची हौस नाही मला. पण संशय घेतला नाही की तोंडघशी पडते, हेही शिकलेय.

टब घेतला आणि तीन मजले धावत उतरले.

आप्पा बोल्ट सैल करत होते. स्वारगेटच्या डेपोत बसची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी गेले काही दिवस तापत होती. चांदणी चौकाच्या चढाला काटा लाल रेषेला जायचा. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. आप्पांना ते पटलं नाही. त्यांनी मला रेडिएटरला हात लावून बघायला सांगितलं. इंजिन रटरटत होतं आणि रेडिएटर थंडगार. ‘थर्मोस्टॅट अडकलाय,’ ते म्हणाले. थर्मोस्टॅट म्हणजे मधलं छोटंसं दार. पाणी तापलं की ते उघडायचं आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जायचं. आमचं उघडतच नव्हतं. नवा आणला. रविवारी आपणच बसवू, असं ठरलं.

फोटोचं त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याजवळ उभी राहिले फक्त. टबात हिरवं कूलंट उतरलं. एक थेंब फरशीवर पडू दिला नाही. जुना थर्मोस्टॅट निघाला, नवा मी माझ्या हातांनी बसवला. रबरी रिंग नीट बसली का, ते आप्पांनी बोट फिरवून पाहिलं. नवं कूलंट भरलं, झाकण उघडंच ठेवलं आणि गाडी चालू केली. हीटर पूर्ण चालू ठेवला. आता आतली हवा बाहेर निघेपर्यंत थांबायचं होतं. बुडबुडे येत होते. हवा राहिली तर गाडी पुन्हा तापणार.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. मागे वॉचमन.

‘वा! गॅरेज उघडलंत वाटतं?’

मी म्हटलं, ‘गाडी दुरुस्त करतोय.’

‘ते दिसतंय. परवानगी घेतली होती?’

दुसऱ्या मजल्यावरचा एक आयटीवाला दर रविवारी इथंच मोटरसायकल खोलून बसतो. त्याचे फोटोही ग्रुपवर येतात. खाली टाळ्या असतात. त्याची परवानगी मी कधी ऐकली नाही. हे बोलून दाखवलं.

‘तो इथला सभासद आहे,’ ते म्हणाले.

‘मीही आहे.’

त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. आप्पांकडे वळले. ‘काय रे, कुठल्या गॅरेजचा तू?’

पासष्टी ओलांडलेला माणूस. ‘काय रे.’ आप्पा हात पुसत उभे राहिले.

‘गाडी बंद करा आधी. आणि याची पिशवी बघून घे रे,’ सेक्रेटरी वॉचमनला म्हणाले. ‘ही सोसायटी आहे, वस्ती नाही.’

वॉचमन जागचा हलला नव्हता. त्याच्या आधी आप्पाच वाकले. पिशवीच्या चेनकडे त्यांचा हात गेला. कुणी मागायच्या आत. राग नाही, लाज नाही, नुसती सवय. पाने, पक्कड, एक जुना टॉवेल, आईनं दिलेला डबा. हे सगळं ते फरशीवर मांडून दाखवणार होते. आम्ही चोर नाही, हे सिद्ध करणार होते. माझ्या दारात. माझ्या गाडीशेजारी.



मी पिशवी उचलली आणि खांद्याला अडकवली. ‘आप्पा, उघडायची नाही.’

‘जाऊ दे पोरी,’ ते पुटपुटले. ‘बघू दे त्यांना.’

‘नाही.’

सेक्रेटरींचा चेहरा बदलला. ‘हे तुमचे...’

‘वडील. आणि गाडी बंद होणार नाही. हवा पूर्ण निघेपर्यंत ती चालूच राहील.’

‘अहो, मग आधी सांगायचं ना! आम्हाला कसं कळणार? कपडे असे... गैरसमज होतो.’

‘आधी फोटो टाकलात. विचारायला आत्ता आलात.’

‘फोटो मी काढलेला नाही. मला आला, तो पुढे टाकला.’

‘मग कुणी काढला?’

त्यांनी वर पाहिलं. गॅलरीत दोन डोकी दिसत होती. ती मागे सरकली. गाडी चालू होती. मग रेडिएटरचा पंखा घर्रकन फिरू लागला, म्हणजे गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचलं होतं. आप्पांनी कूलंटची पातळी पाहिली, थोडं वरून ओतलं, झाकण घट्ट बसवलं.

‘चला, मिटलं,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘चहाला या वर.’

आम्ही गेलो नाही.

संध्याकाळपर्यंत फोटो पुसला गेला. त्या जागी सेक्रेटरींचा मजकूर, ‘सदर व्यक्ती सभासदाचे नातेवाईक असल्याचे समजते. विषय संपला.’ समजते! जणू अजून खात्री व्हायचीच आहे.

मी लिहिलं, ‘ते माझे वडील आहेत. त्यांना चोर ठरवलं गेलं, त्यांची पिशवी तपासायला सांगितली गेली. ज्यांनी फोटो काढला आणि ज्यांनी झडतीचा हुकूम दिला, त्यांनी याच ग्रुपवर त्यांची माफी मागावी. विषय संपलेला नाही.’

उत्तर एकही नाही. वाचल्याच्या खुणा मात्र भराभर निळ्या झाल्या.

मग सेक्रेटरींचा फोन आला. ‘ताई, तो मेसेज काढून टाका. कशाला वाढवता? तुम्हाला इथंच राहायचंय.’

या वाक्यात सल्ला होता की धमकी, मी ताडत बसले नाही.

‘हो, इथंच राहायचंय,’ मी म्हटलं. ‘म्हणूनच वाढवतेय.’

मेसेज मी काढलेला नाही. माफी आलेली नाही. आप्पा म्हणतात, सोड आता. आयुष्यभर त्यांनी सोडत सोडत मला इथवर आणलं, हे मी विसरणार नाही. पण त्यांचं सोडणं मी पुढे चालवणार नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत आप्पा माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत बसतील. मी उभी राहीन आणि पहिलाच प्रश्न विचारीन, फोटो कुणी काढला? उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.