वाटीखालचे एकोणीस

तलासरीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा, २०१६ पासून दोन वर्षं, दर रविवारी सकाळी मी डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जादूगारीण व्हायला जात असे. तिथला एक क्लार्क खेळ चालवायचा. गोष्ट तो सांगणार, आपलं पात्र काय करतं ते आम्ही सांगणार, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. त्याची बायको तलवारवाली. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला, सायवनच्या बाईंना, मीच ओढून नेलं. तिथेच चुकलं माझं.

त्या खेळात जादूगाराला दुसऱ्या पायरीवर आठांतली एक विद्याशाखा घ्यावी लागते, आपण दहावीनंतर घेतो तशी. घेतली की घेतली. मंत्र इतर शाखांचेही शिकता येतात, पण खास कसब त्या एकीचंच. मी आगीची घेतली. शत्रूंच्या घोळक्यात आग टाकावी आणि मध्ये सापडलेल्या आपल्या माणसाला चटकाही बसू नये, हे माझं कसब. मैत्रीणही जादूगारीणच झाली, तिने भविष्याची घेतली. म्हटलं बरं झालं, बसेल गप कोपऱ्यात.

कसलं काय! सुरुवातीलाच दोन फासे टाकून ठेवायचे आणि पुढे कुणाच्याही फाशाऐवजी त्यातला आकडा चालवायचा, हे तिचं कसब. फक्त समोरच्याने फासा टाकायच्या आधी बोलायचं, आणि बोललं की माघार नाही. ती ते फासे स्टीलच्या वाटीखाली झाकून ठेवी. मी अख्खी गुहा पेटवली तरी सगळ्यांचे डोळे त्या मेल्या वाटीवर. चिकूची पहिली फोडसुद्धा तिलाच. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

एका रविवारी ती हात धुवायला मोरीत गेली, नवराबायको चहाच्या नादात होते. मी वाटी उचलली. एक फासा आधीच वापरून झाला होता, उरलेल्यावर एकोणीस. मी तो फिरवून तीन वर केला आणि वाटी पालथी घातली. होऊ दे एकदा हिची फजिती.

तासाभरात राक्षसाच्या तडाख्याने माझीच जादूगारीण कोसळली. कोसळल्यावर दहा किंवा जास्त पडायला हवेत, तीनदा कमी पडले की मेली. माझे दोनदा कमी पडले होते. दोन वर्षं वाढवलेलं पात्र ते. मी फासा उचलला.

“थांब,” ती म्हणाली. “माझा आकडा घे. सकाळपासून तुझ्यासाठीच राखून ठेवलाय.”

मी नको म्हणणार होते, पण कारण काय देणार? तिने वाटी उचलली. तीन.

ती फाशाकडे बघतच राहिली. “मीच नीट बघितलं नसेल गं,” म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. क्लार्कच्या बायकोने लगबगीने पाणी आणलं. मेली होती माझी जादूगारीण, आणि हात फिरत होता हिच्या पाठीवरून. खरं सांगते, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.