उपासाला चालतं

गावात कुणाचं लग्न ठरलं की पहिला निरोप झाम्फिराला जायचा, आणि कुणी गेलं की पाद्रीबुवांच्या पाठोपाठ तिलाच. चाळीस वर्षं तिने गावाच्या लग्नाचं आणि मयताचं रांधलं. कुठल्या दिवशी काय शिजतं आणि काय शिजत नाही हे पाद्रीबुवा पुस्तक उघडून सांगायचे, झाम्फिरा न उघडता. बुधवार-शुक्रवारचा उपास, नाताळाआधीचा उपास, ईस्टरच्या आधीचा सात आठवड्यांचा मोठा उपास. दूध, अंडी, मटण कधीपासून बंद, तेल कधी चालतं, मासा कुठल्या दिवशी चालतो, सगळं तिला तोंडपाठ. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा तोदेर स्पेनमध्ये बांधकामावर. बाईजवळ उरला तो हात, आणि त्या हाताला नाव ठेवायची गावात कुणाची टाप नव्हती.

म्हणून नवी सून इलिंका घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिने समोरच्या ताटाला बोटसुद्धा लावलं नाही, तेव्हा झाम्फिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

इलिंका याशी शहरातली, आईबापाविना मावशीकडे वाढलेली. दूध, अंडी आणि मासे, या तिन्हींचं तिच्या अंगाशी वैर. डॉक्टरचा कागद होता तिच्याजवळ. लग्नानंतर तोदेर परत गेला, तिला दिवस राहिले, आणि ती सासूच्या हवाली झाली. तेव्हापासून तिचं जेवण एकच. बटाटे सालासकट उकडायचे, स्वतःच्या हाताने सोलायचे आणि मिठाला लावून खायचे. वर एखादं सफरचंद.

"नाटकं आहेत नुसती," झाम्फिरा कुंपणावरून शेजारच्या आग्लायाला म्हणाली. "माझ्या हातचं हिला विटाळतं. आख्खं गाव बोटं चाटून जेवलंय या हातचं, आणि महाराणी बटाटे सोलत बसतात."

"दूध पोटात गेलं नाही तर पोराला हाडं कुठून यायची गं?" आग्लाया म्हणाली. "नुसता मांसाचा गोळा व्हायचा. चमचाभर लोणी घाल कशात तरी, कळणार पण नाही तिला."

आता इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढे लोकांनी काय वाट्टेल ते पिकवलं. झाम्फिराने ते लोणी कधीच घातलं नाही. चिडायची, टोमणे मारायची, भांडी आपटायची, पण चोरून कुणाच्या ताटात काही घालणारी ती बाई नव्हती.

सहाव्या महिन्यात ती सुनेबरोबर तालुक्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि तोंड गंभीर केलं. मूल दिवसांच्या मानाने दोन आठवडे मागे होतं.

"जे सोसत नाही ते सोडलंत ते बरोबर केलंत," त्या इलिंकाला म्हणाल्या. "पण बाकीचं का सोडलंत? घेवडा खा, डाळी खा, अक्रोड, हिरवा पाला खा. नुसत्या बटाट्यावर तुम्ही जगाल हो. ते नाही जगणार."

इलिंका मान खाली घालून म्हणाली, "मला स्वयंपाकाची भीती नाही वाटत, डॉक्टर. भांड्यांची वाटते."

झाम्फिराला ते वाक्य लागलं. आपल्या भांड्यांना काय झालंय, एवढंच बसमध्ये घरी येईपर्यंत तिच्या मनात घोळत होतं.

ते तिला मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी कळलं. तो दूधदुभतं संपवायचा दिवस, घराघरांत चीजच्या पुऱ्या तळलेल्या. इलिंकाने आपलं सफरचंद कापायला सुरी मागितली. झाम्फिराने हातातली चीज कापलेली सुरी कमरेच्या फडक्याला पुसली आणि दिली. झालं ते एवढंच. थोड्या वेळाने पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिने चाचपडत पिशवीतून इंजेक्शन काढलं आणि कपड्यावरूनच मांडीत खुपसलं. झाम्फिराने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती श्वास मोजत बसली.

श्वास ताळ्यावर आला तेव्हा इलिंका म्हणाली, "एकच होतं ते, आई." तोदेरने दुसऱ्या दिवशी फोनाफोनी केली. तालुक्याच्या औषधवाल्याकडे नवं इंजेक्शन नव्हतं. राजधानीहून यायचं, कदाचित महिन्याने, कदाचित दोन.

तो दुसरा दिवस होता सोमवार, भांडी शुद्ध करायचा. आमच्याकडे मोठ्या उपासाच्या पहिल्या दिवशी बाया घरातलं भांडंन् भांडं राखेच्या उकळत्या पाण्यात घालतात, दुधाचा-चरबीचा वाससुद्धा राहू नये म्हणून. आणि झाम्फिरासारख्या जुन्या वळणाच्या बाया तर त्याही पुढे जातात. त्यांची उपासाची भांडी वेगळीच असतात, वर्षभर माळ्यावर गुंडाळून ठेवलेली. शिडीवर उभी राहून ती मातीची मडकी, लाकडी पळ्या, काळा तवा खाली घेताना झाम्फिरा मध्येच थांबली. या भांड्यांना सासूच्या काळापासून दुधाचा थेंब लागलेला नव्हता. अंड्याचा बलक लागलेला नव्हता.

"इलिंका," तिने वरूनच हाक मारली. "अगं, तुझीच भांडी आहेत की ही."

असा आनंद त्या बाईला नवरा गेल्यापासून झाला नव्हता. तिने ती भांडी तीन-तीनदा राखेने घासली, सुनेला बाजूला बसवून, एकेक उलटं करून दाखवत. मग लोखंडी चूल घासली, सुऱ्या उकळल्या, चीजचा माठ आग्लायाकडे नेऊन ठेवला. संध्याकाळी घेवडा शिजवून, लसूण घालून मऊ वाटला, वर तेलात लाल केलेला कांदा. शेजारी मक्याची घट्ट उकड.

इलिंका ताटाकडे बघत राहिली. "आई, यात काय आहे?"

"उपासाचं आहे. खा."

पोरीने घास घेतला, वाट पाहिली, दुसरा घेतला. मग तिने ताट पुसून खाल्लं, आणि झाम्फिरा पाठ फिरवून उगीचच चुलीत लाकूड सारत बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते सुनेला दाखवायचं नव्हतं.

गावाला मात्र चैन नव्हती. गरोदर बाईला उपास नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाया पदराखाली झाकून दूध आणायच्या, अंडी आणायच्या. पाद्रीबुवा स्वतः येऊन सांगून गेले की तुला सूट आहे, मुली, खा. झाम्फिरा फाटकातच उभी राहायची.

"तुमची अंडी तुम्हालाच लखलाभ. माझी नात उपासाच्या चुलीवरच वाढणार आहे."

"नात कशावरून?" आग्लाया विचारायची.

"नातू झाला तर त्याला काय टाकून देणार आहे?"

तीन आठवडे. आंबवलेल्या कोबीत गुंडाळलेला भात, डाळ, आलुबुखारांबरोबर शिजवलेला घेवडा, अक्रोडाचे लाडूच म्हणा ना, मधातले. कुंपणापाशी खाजऱ्या झुडपाचा पहिला कोवळा पाला फुटला तो झाम्फिराने हाताला चटके सोसून खुडला. दर जेवणाला सून विचारायची, यात काय आहे, आणि सासू म्हणायची, उपासाचं आहे, खा. तिसऱ्या आठवड्यात नर्स आली, पोटावर टेप लावला आणि म्हणाली, एक आठवड्याची उणीव भरून निघाली. इलिंका हसली. त्या घरात ती मोकळेपणी हसलेली झाम्फिराने प्रथमच पाहिली.

मग पंचवीस मार्च आला, देवदूताने मरियेला निरोप दिला तो सण. त्या दिवशी मोठ्या उपासातसुद्धा मासा चालतो. नुसता चालतो असं नाही, खावाच लागतो, त्याशिवाय वर्षभर अंगात जीव राहत नाही म्हणतात. सकाळी तोदेरचा फोन आला, "आई, इथे मला कोण देणार? माझ्या नावाने एक तुकडा खा."

झाम्फिराला सुनेचा कागद आठवत नव्हता असं कुणी म्हणू नये. मासा त्यात होता आणि तिच्या पक्का लक्षात होता. तिने आग्लायाकडून कढई आणली, स्वतःची नाही. अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली विटा मांडल्या आणि मक्याच्या पिठात घोळवून दोन तुकडे तळले. उभ्याउभ्या अंगणातच खाल्ले. काटे पुरले, कढई राखेने घासून परत दिली, हात कोपरापर्यंत धुतले, अंगावरचे कपडे बदलले. इलिंका खिडकीतून बघत होती. "आई, एवढं कशाला?" ती म्हणाली. झाम्फिरा म्हणाली, "दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकूनच प्यावं, बाई."

एवढं सगळं केलं, आणि मधल्यामध्ये, कढई परत देण्याआधी, तिने उरलेलं तेल फडक्यातून गाळून बाटलीत परत ओतलं. चाळीस वर्षं ओतत आली होती. सूर्यफुलाचं तेल, दुधाचा स्पर्श नाही, चरबीचा नाही, मासा त्या दिवशी चालतो, म्हणजे तेल उपासाचंच. हे तिने मनाशी म्हटलंसुद्धा नाही. हाताने केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घेवडा वाटला आणि त्या तेलात कांदा लाल करून वर घातला. इलिंका ताटावर बसली. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही. सहज, बोलता बोलता, घास घेतला.

अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला. इंजेक्शन अजून आलेलं नव्हतं.

इलिंका वाचली. मूल त्याच संध्याकाळी पोट कापून बाहेर काढलं, किलोभराचं सुद्धा नाही. मुलगा. तो दिवस गाव्रिल देवदूताचा, म्हणून नर्सने कपाळाला पाणी लावून त्याचं नाव गाव्रिल ठेवलं. काचेच्या पेटीत तो तिसऱ्या दिवसापर्यंत होता. तोदेर विमानाने आला तो माती द्यायलाच. झाम्फिराने गावातल्या दोन पिढ्यांच्या मयताचं रांधलं होतं, या वेळी चूल दुसरीने पेटवली.

घेवड्यात काय होतं, कुणाला कळेना. गाव म्हणालं, पाद्रीबुवांनी दिलेली सूट नाकारली त्याचं फळ. झाम्फिराने मडकं हुंगलं, पळी हुंगली, मीठ चाखलं. शेवटी तेलाची बाटली उघडली आणि नाकाशी धरली. ती तशीच जमिनीवर खाली बसली.

ईस्टरच्या आधी सगळं गाव पापं सांगायला जातं. झाम्फिरा गुडघे टेकून बसली, पाद्रीबुवांनी डोक्यावर वस्त्र घातलं.

"मी माझा नातू मारला," ती म्हणाली, आणि तिने तेलाचं सांगितलं.

पाद्रीबुवा वाईट माणूस नाही. त्यांनी विचारलं, "मासा कुठल्या दिवशी तळलास?"

"सणाला."

"त्या दिवशी चालतो. दुसऱ्या दिवशी मासा खाल्लास?"

"नाही. तेल फक्त."

"तेलावर बंधन तुझ्या घरात गरोदर बाई असताना मी धरत नाही. मग उपास कुठे मोडलास, झाम्फिरा? मनात वाईट होतं?"

"नव्हतं."

"मग मी कशाचं प्रायश्चित्त देऊ?"

"काहीही द्या," ती म्हणाली. "शंभर नमस्कार द्या, वर्षभर कोरडी भाकर द्या. मला काहीतरी द्या, बुवा."

त्यांनी तिच्या डोक्यावरून वस्त्र काढलं आणि म्हणाले, घरी जा, पड जरा, थकली आहेस. बाहेर रांगेत आग्लाया उभी होती. ती एक सॉसेज चोरून खाल्ल्याचं सांगायला आली होती, आणि तिला तीस नमस्कार मिळाले.

ईस्टर झाल्यावर तोदेर परत गेला. खोली मिळाली की बायकोला बोलावणार होता. उपासाची भांडी माळ्यावर ठेवायची वेळ आली, तेव्हा झाम्फिरा बाटली हातात घेऊन इलिंकासमोर उभी राहिली.

"यात होतं," ती म्हणाली. "मासा तळलेलं तेल. मीच परत ओतलं."

इलिंकाने बाटलीकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पहिल्या घासालाच जीभ चुरचुरली होती," ती म्हणाली. "वाटलं, कांदा असेल. विचारणार होते. पण तुम्ही समोर उभ्या होतात, आई, पळी हातात घेऊन, मी खाते का बघत. म्हटलं, आता विचारलं तर यांना वाईट वाटेल. म्हणून दुसरा घेतला."

झाम्फिराने बाटली अंगणात नेऊन रिकामी केली आणि मडकी कापडात गुंडाळायला घेतली.

आत इलिंकाने छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं, चार बटाटे धुऊन सालासकट त्यात सोडले. शिजल्यावर ते टेबलावर घेतले आणि एकेक सोलायला लागली. झाम्फिराने मिठाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. इलिंकाने ते घेतलं नाही.