मास्तरांची वॉटर्लू

इतिहासातला वॉटर्लूचा धडा आला की आमचे मास्तर सातवीचा वर्ग उठवून राई गावाच्या बाजूच्या मिठागरावर नेत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचत आणि सरळ चिखलात उतरत. दोराला बांधलेली दगडांची टोपली त्यांच्या मागे. दहा पावलांत ते रुतत. तिथूनच धापा टाकत म्हणत, "ही बादशहाची तोफ. आता ओढा." भाईंदरात त्यांना वॉटर्लू मास्तरच म्हणत.

दिवाळीनंतरचे ते दिवस. आगरातली माणसं मिठाच्या वाफ्यांची भुई पायांनी तुडवून घट्ट करत असत. एकदा तुडवता तुडवता धर्मा नावाच्या म्हाताऱ्या गड्याने विचारलं, "मास्तर, तुमचा बादशा येडा हाय काय? रातभर पानी परला त भुई सुकाला थांबाचा ना."

"थांबला होता रे. दुपारपर्यंत थांबला. तेवढ्यात इंग्रजांना कुमक येऊन पोचली."

"म्हंजे थांबून पन मेला."

"तो नाही मेला, त्याची गादी गेली. मेली ती बाकीची माणसं."

मी स्वातंत्र्याच्या चळवळीची पत्रकं वाचत वाढलो. मला त्या धड्यात फक्त कोसळणारं सिंहासन दिसे. मास्तरांना दिसत ते आदल्या रात्री पावसात भिजलेले उपाशी शिपाई, दोन्हीकडचे. "साम्राज्यं पडतातच, मास्तर," मी त्यांना सुनावायचो. ते म्हणायचे, "पडतात रे. कोणाच्या अंगावर पडतात तेही लिही कधीतरी."

बेचाळीस साली मी त्याच शाळेत नवा शिक्षक होतो आणि लपून पत्रकं लिहीत होतो. एका पत्रकात मी मास्तरांचा धडा जसाच्या तसा घातला. टोपली, दोर, चिखल सगळं. आणि शेवटी, आपल्या बादशहाचेही पाय आता रुतले आहेत. ना मास्तरांना विचारलं, ना खाली स्वतःचं नाव घातलं. खारीपासून राईपर्यंत ज्याने ज्याने वाचलं, त्याला हे कोणाचं बोलणं ते लगेच कळलं. पंधरा दिवसांत शाळा तपासणारे दिपोटी साहेब ते पत्रक हातात घेऊन आले. मास्तरांच्या पेन्शनीला एकच वर्ष उरलं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

मी गुंडाळलेला नकाशा धरून दाराशी उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"शब्द माझे आहेत, साहेब."

मी तोंड उघडलं. ते मला म्हणाले, "वर्गावर जा. पोरं ओरडतायत."

आणि मी गेलो. तत्त्वांवर तासतासभर बोलणारा मी, निमूट गेलो.

मास्तरांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. ते घोडबंदरला मुलीकडे राहायला गेले. चार महिन्यांनी धीर करून मी तिथे गेलो. ती आमची शेवटची भेट. ते अंथरुणावर होते.

"मी जाऊन कबूल करतो, मास्तर."

"आता? माझी पेन्शन काही परत येत नाही. तुझी हौस तेवढी फिटेल." आवाज चढला नाही. रागवायचेही त्यांना श्रम होत होते. मग म्हणाले, "खिशात काय आहे?"

नवं पत्रक होतं. त्यांनी ते घेतलं, आधी सगळ्यात खालची ओळ पाहिली, आणि उशाजवळची पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी नाव लिहिलं. पूर्ण नाव, गावासकट.

त्यांनी कागद परत घेऊन उजेडाकडे धरला. "आता वाचतो," म्हणाले.