विहिरीवरचा गूळ

आमच्या आबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरी पाडल्या. सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंतच्या कातळात खोल उतरायचं, मशीननं भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे. एका सुरुंगानं त्यांचं बोट नेलं, तरी ते कधी घाबरले नाहीत. धुळीला तर नाहीच. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक घरी यायचे आणि आई त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळानं छातीतली धूळ सुटते आणि पोटात उतरते, असं विहिरीवरच्या सगळ्यांचं ठाम मत. आमच्याकडे एक वेळ मीठ संपायचं, गूळ नाही.

खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा गावात टीबीची औषधं झाली, दोनदा. यंदा मी हट्टानं त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. दगडाची धूळ फुप्फुसात रुतून बसलीय, ती आता निघायची नाही, म्हणाले. अशा छातीत कॅन्सरचीही भीती जास्त, तेव्हा तीही तपासणी करू.

"पण मी रोज गूळ खाल्लाय की," आबा म्हणाले.

गुळाचा काही उपयोग नसतो, आजोबा, डॉक्टर म्हणाले. भोकात पाणी ओतत मशीन चालवली असती, तर एवढी धूळ उडाली नसती.

माझं डोकं सणकलं. कारण त्याच वेळी माझा धाकटा भाऊ तीच मशीन घेऊन एका विहिरीत उतरलेला होता.

घरी न जाता आम्ही थेट त्या विहिरीवर गेलो. खालून पांढरे लोट येत होते. मशीनच्या आवाजात माझ्या हाका कुणाला ऐकू जाणार? मी सरळ मशीनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरचा ट्रॅक्टर बंद केला. भाऊ शिव्या देतच वर आला.

"होलात पाणी वतत जा," मी ओरडले. "न्हायतर तुझीबी छाती अशीच फुटंल."

"पाणी असतं तर विहीर कशाला पाडली असती, आक्का?" तो हसला. "आन गूळ खातोय की मी. आबांनीच शिकवलंय."

आबांची काठी त्याच्या खांद्यावर बसली. मग पाठीवर, मग तोंडावर. ओठ फाटला. बोलायला दम नव्हता, म्हणून ते मारत सुटले होते. मी आडवी गेले तर मलाही एक बसली. भाऊ जागचा हलला नाही. शेवटी आबाच कोसळले आणि खोकता खोकता त्यांच्या तोंडातून मातीवर रक्त सांडलं.

भावानं त्यांना उचलून विहिरीच्या काठाशी टेकवलं. मग स्वतःचं तोंड पुसलं, प्यायच्या पाण्याचा कॅन घेतला आणि खाली उतरला. टँकरचं पाणी, टँकरचं पाणी, म्हणून शेताचा मालक बोंबलत आला. त्याला मी जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. मी ट्रॅक्टर चालू केला आणि मशीन पुन्हा सुरू झाली. या वेळी धूळ उठली नाही, भोकातून काळा चिखल तेवढा बाहेर येऊ लागला.

आबा बराच वेळ वाकून खाली बघत राहिले.

"एवढंच करायचं हुतं व्हय?" त्यांनी मला विचारलं.