धाकटीचा हक्क

त्या वेळी माझं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. उन्हाळ्यात लहानग्या मुलीला घेऊन साताऱ्याहून जुईनगरला माहेरी आले होते. एका संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे फोन आला, माझ्या धाकट्या बहिणीला पोलीस चौकीत बसवून ठेवलंय, वडिलांना बोलावलंय.

आई मुलीला घेऊन देवळात गेली होती. अण्णा नुकतेच बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून येऊन चहा पीत होते. निरोप ऐकून त्यांनी कप खाली ठेवला, शर्ट पुन्हा पँटीत खोचला आणि मला म्हणाले, "चल."

आम्ही रिक्षात बसलो. पुढचं सगळं मी मनात आधीच पाहून घेतलं. आता हिची नोकरी बंद, आता हिला स्थळं बघणार. कारण माझं तसंच झालं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना वर्गातल्या एका मुलाशी बसस्टॉपवर बोलताना अण्णांनी मला पाहिलं होतं. नुसती बोलत होते, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं आणि दिवाळीनंतर लग्न झालं. खरं सांगायचं तर रिक्षात मला थोडं बरं वाटत होतं. आता आम्ही दोघी सारख्या होणार होतो.

चौकीत धाकटी बाकावर ताठ बसली होती. शेजारी तिच्या ऑफिसातला मुलगा, मान खाली घालून. काम सुटल्यावर दोघं खाडीच्या बांधावर शेंगदाणे खात बसले होते. हवालदारानं हटकलं, नवरा-बायको आहात का म्हणून विचारलं. ही म्हणाली, "तुम्हाला कशाला पाहिजे?" तेवढ्यावरून दोघांना आणलं होतं.

टेबलामागचे साहेब अण्णांशी मऊ आवाजात बोलले. "काका, तुम्ही चांगल्या घरातले दिसता. यापुढे मुलीवर लक्ष ठेवीन एवढं लिहून द्या आणि घेऊन जा. केस वगैरे काही नाही."

अण्णा म्हणजे वरिष्ठांसमोर खुर्चीच्या कडेवर बसणारा माणूस. ते खिशातलं पेन काढणार असंच मी धरून चालले होते.

"गुन्हा काय केलाय तिनं?" अण्णांनी विचारलं.

"गुन्हा नाही हो. पण हे बरं दिसतं का?"

"बरं दिसत नसेल. मला पण आवडलेलं नाही. पण गुन्हा नसेल तर तुम्ही तिला आणलंत कसं?"

साहेबांचा आवाज जरा बदलला. "सरकारी नोकरीत आहात ना तुम्ही?"

"आहे. म्हणूनच सांगतोय. सरकारचं काम कुठं संपतं ते मला माहीत आहे." अण्णांनी हात मागे धरले. "ती सज्ञान आहे साहेब. कमावते, मत देते. कुणाबरोबर बसायचं हा तिचा हक्क आहे. तो तुम्ही दिलेला नाही. मीही दिलेला नाही. जन्माला आली तेव्हाच घेऊन आली ती. मी काही लिहून देणार नाही."

बराच वेळ आम्हाला तिथंच बसवून ठेवलं. मग हवालदार येऊन म्हणाला, "जा, घेऊन जा त्यांना."

मला अण्णांचा अभिमान वाटायला हवा होता. पण कानात एकच वाक्य घुमत होतं, मीही दिलेला नाही. मग माझा कुणी नेला होता? मीही तेव्हा सज्ञानच होते. मतदार यादीत नावही आलं होतं.

परतताना रिक्षात धाकटी अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मी दुसऱ्या कडेला. जेवताना अण्णांनी स्वतः तिच्या ताटात आमटी वाढली. ती हसत मला म्हणाली, "ताई, तू कशाला टेन्शन घेतेस? झालं ना सगळं नीट." मी ताट उचलून मोरीत ठेवलं. त्या वेळी ती मला डोळ्यांसमोर नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दाढी करत होते, तेव्हा मी विचारलं, "मी जन्माला येताना काही घेऊन आले नव्हते का?"

त्यांना लगेच कळलं. तोंडावर साबण तसाच ठेवून ते आरशात बघत राहिले. "चौकीत बोललो तेव्हा मलाच पहिल्यांदा ऐकू आलं ते," ते म्हणाले. "तुझ्या वेळी समोर पोलीस नव्हता. मीच होतो."

मी रडले नाही. त्यांनीही माफी मागितली नाही.

माहेरपण संपलं तेव्हा हायवेवर एसटीत बसवायला ते आले. बस दिसल्यावर घाईघाईनं म्हणाले, "राहिलेली परीक्षा द्यायची आहे का तुला?"

"तुम्ही परवानगी देताय?"

"नाही. विचारतोय."

"ह्यांना विचारून सांगते," माझ्या तोंडून निघून गेलं. अण्णांनी मान खाली घातली. बसमध्ये मुलगी मांडीवर झोपली आणि पनवेल मागं पडेपर्यंत मी स्वतःवरच चिडत राहिले.

वर्षभरानं धाकटीनं त्या मुलाला नकार दिला. पटत नाही म्हणाली, एवढंच. घरात कुणी जाब विचारला नाही. आईनं मला हे फोनवर सांगितलं आणि माझा पुन्हा जळफळाट झाला. तिला हवं ते निवडायला तर मिळालंच, वर निवडलेलं सोडायलाही मिळालं.

परीक्षा मी दिली, पण बऱ्याच उशिरा, मुलगी शाळेत जायला लागल्यावर. नवऱ्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. पास झाल्याचं कळवायला मी पहिला फोन धाकटीला केला. ती खूश झाली, आणि का कुणास ठाऊक, तिचा आवाज ऐकताना मला नेहमीसारखं टोचलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.