रेक्झिन नाही, चामडं

"अगंबाई, हे आत नको. बाहेर ठेव, चपलांच्या स्टँडवर."

सुलभाकाकूंनी माझ्या हातातलं ताट घेतलंसुद्धा नाही. नुसतं बोट दाखवलं. दाराबाहेर, लिफ्टच्या बाजूला त्यांचा चपलांचा स्टँड. वरच्या फळीवर त्यांच्या मिस्टरांचे पॉलिश केलेले बूट. त्या बुटांशेजारी ताट ठेवलं. कुणी हिसकावून घेऊन ठेवलं नाही. मीच ठेवलं, माझ्या हातानं. ते अजून सलतं.

ताटात चामड्याची ब्रेसलेट होती. मी घरी बनवलेली. पातळ पट्ट्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, प्रत्येकीला पितळी टिचबटण. अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू एकत्र होतं. काकू मंडळाच्या अध्यक्ष, म्हणून त्यांच्या घरी. प्रत्येकीनं आपापलं वाण आणायचं आणि लुटायचं. कुणी प्लास्टिकचे डबे आणले होते, कुणी स्टीलचे चमचे. मला वाटलं, विकतचं कशाला? आपल्या हातचं द्यावं.

"तुमच्यात चालत असेल गं," काकू म्हणाल्या. आवाज गोडच. "आमच्यात हळदीकुंकवाला चामडं नाही चालत. राग नको हं मानूस."

तुमच्यात.

खोली बायकांनी भरलेली. सगळ्यांनी ऐकलं. कुणी तिळाचा लाडू फोडत होती, कुणी मोबाइलमध्ये बघत होती. तुमच्यात म्हणजे कुणात, असं एकीनंही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. खाली नावांच्या बोर्डावर आमचं आडनाव आहे, आणि आमच्या दारातून आत बघितलं की समोर बुद्धांचा फोटो दिसतो.

मी बसले. तीळगूळ घेतला. गोड बोलले. समोर सोफ्यावर काकूंची पर्स पडली होती, देवघराच्या दारालगत. चांगल्या चामड्याची. मला ते लांबूनही कळतं. ती पर्स आत, माझं ताट बाहेर. चामडं मॉलमधून आलं की सोवळं होतं, हे मला माहीत नव्हतं.

उठताना मी ताट उचललं. शेजारची उज्ज्वला माझ्याबरोबर लिफ्टमध्ये. तीच मला घेऊन गेली होती. "तू येतलंस ना गो? सगळ्या येतात, तूच लांब लांब राहतेस," असं म्हणून. आता ती लिफ्टच्या बटणांकडे बघत होती. आमचा मजला आला तेव्हा म्हणाली, "मनाला नको लावून घेऊ. त्या तशाच आहेत." तशाच म्हणजे कशा, ते तिनं सांगितलं नाही.

मनाला कसं लावून घ्यायचं नाही, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

मी हे काम शिकले ते इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात. तिथे चामड्याचे पट्टे, पाकिटं बनायची. मी ऑफिसात चलनं टाइप करायचे. जेवणाच्या सुट्टीत आत जाऊन कारागिरांचे हात बघत बसायचे. गाळा बंद झाला तेव्हा धारावीतून तुकडे आणले, चामडं कापायची एक रापी घेतली आणि घरीच सुरू केलं. रुंद पट्टा मनगटावर बसतो, त्यावर घड्याळ. कफ म्हणतात त्याला. स्टुडिओत काम करणारी पोरं घेतात, जुहूच्या हॉटेलांतली घेतात. घामात घड्याळ कातडीला चिकटत नाही आणि दिसतं झकास. मला त्या कामाचं वेड लागलं. सरळ सांगते, दुसऱ्या कुठल्याच कामानं मला एवढा आनंद दिलेला नाही.

पण माझ्या आईनं त्या कामापायी माझ्या घरचं पाणी सोडलं.

कफला मनगटाची गोलाई यावी लागते. त्यासाठी चामडं ओलं करायचं, कशाभोवती तरी घट्ट गुंडाळायचं आणि वाळू द्यायचं. मी स्टीलच्या पेल्याभोवती गुंडाळायचे. एक पेला त्यासाठी वेगळा ठेवला होता. एकदा आई घाटकोपरहून आली, उन्हातून. तिनं ओट्यावरचा पेला उचलला आणि बोटांना ओलं चामडं लागलं. तिनं पेला खाली ठेवला. साडीच्या पदराला बोटं पुसली. पुसतच राहिली.

"माझा बाप ह्याच्यापायी गावातून उठला," ती म्हणाली. "आन् तू हौसेनं इकत आणलंस?"

आजोबांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं हे आमच्या लोकांचं काम. कुणी दिलेलं? गावानं दिलेलं. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी आणि त्यांच्या भावकीनं सांगितलं, आता ओढणार नाही. पाटलाचा बैल मेला. वाड्यामागे पडून राहिला. वास गावभर. गावानं आधी निरोप धाडला, मग धमकी, मग दुकान बंद, गिरणी बंद, शेतातलं काम बंद. आजोबा बायकोपोरं घेऊन मुंबईला आले, पण बैल ओढला नाही. आईच्या लेखी चामडं म्हणजे तो बैल. मी तिला समजावत बसले की हे वेगळं आहे, ही कला आहे, याला मागणी आहे. तिनं ऐकून घेतलं आणि तहानलेलीच निघून गेली.

म्हणजे इकडे आईला माझं चामडं चालत नाही आणि तिकडे काकूंना. दोघींचं कारण वेगळं, पण अडचण मलाच. हळदीकुंकवानंतरचे दिवस मी कसे काढले, मला माहीत. चित्त थाऱ्यावर नाही. भोकं वाकडी पडायची, घड्याळ मनगटाच्या मध्यावर बसायच्या ऐवजी कडेला सरकायचं. एक अख्खा तुकडा उलट्या बाजूनं कापला. हातोडी घेऊन बसायचे आणि ठोका मारायच्या आधी खिडकी लावायचे, आवाज बाहेर जायला नको म्हणून. आधी कधी लावत नव्हते. माझ्याच घरात मी चोरासारखी काम करायला लागले होते आणि त्याची चीड काकूंपेक्षा मला माझीच येत होती.

मार्चमध्ये काकू स्वतः दारात आल्या. आत या म्हटलं तर "नको गं, घाईत आहे" म्हणत उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. महिला दिनाला मंडळ खालच्या हॉलमध्ये स्टॉल लावणार होतं. बिल्डिंगमधल्या बायकांच्या घरच्या वस्तू. आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या बायका येणार.

"तुझं काम सुंदर आहे गं, मी नाही कुठे म्हणते? तुला टेबल देते. फक्त पाटीवर रेक्झिन लिही."

"रेक्झिन नाहीये ते."

"मला माहितीये. पण लोकांना कशाला सांगायचं? आणि नाव नुसतं पहिलं लिही. सुटसुटीत दिसतं."

नवऱ्याला सांगितलं. तो सांताक्रूझला विमानतळावर कार्गोत आहे, दिवसभर खोकी उचलून आलेला. म्हणाला, "लिही ना यार. माल जाण्याशी मतलब. आपण काय कमी ऐकून घेतो का रोज?"

मी लिहिलं. रेक्झिन. खाली पहिलं नाव. सुटसुटीत.

महिला दिनाला हॉलमध्ये गर्दी होती. लोणची, पापड, कुर्ते, मेणबत्त्या. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त हात. बाजूच्या सोसायटीतल्या एका बाईनं रुंद कफ मनगटावर चढवला, बटण लावलं, हात फिरवून बघितला. वास घेतला. "अय्या, किती मऊ! रेक्झिन वाटतच नाही."

मी तोंड उघडायच्या आत काकू मागून आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "रेक्झिनच आहे. आमच्याच बिल्डिंगमधली मुलगी. गुणी आहे हो."

गुणी. त्या शब्दानं माझ्या डोक्यात सणक गेली. खांद्यावरचा तो हात मला जड झाला. हीच बाई माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. आज खांद्यावर हात, कारण आज मी तिच्या मनासारखं खोटं बोलत होते. आणि त्या घटकेला मला आजोबा कळले. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून कळले नव्हते. त्यांचं भांडण चामड्याशी नव्हतंच. ढोर कुणी ओढायचं हे गाव ठरवत होतं, ते त्यांनी नाकारलं. आता मी काय बनवते याला काय म्हणायचं, माझ्या नावापुढे काय लिहायचं, हे काकू ठरवत होत्या. आणि मी मान खाली घालून ओढत होते.

"रेक्झिन नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "चामडं आहे. म्हशीचं."

त्या बाईनं कफ असा काढला की बटण तुटलं. अजून दोघींनी हातातलं टेबलावर टाकलं. एक साडीला हात पुसायला लागली. उज्ज्वला लोणच्याच्या टेबलावरून धावत आली. "गप ना गो! कशाला स्वतःची वाट लावून घेतेस?"

काकूंचा हात खांद्यावरून गेला. "टेबल आवर. मंडळाच्या स्टॉलवर हे चालणार नाही."

"नाही आवरणार."

"सोसायटीच्या कमिटीत विषय काढावा लागेल मला."

"काढा. मी येते मीटिंगला."

मी पाटी उलटी केली. मार्कर घेतला. लांबूनही वाचता येईल असं लिहिलं. म्हशीचं चामडं. घरी, हातानं केलेलं. खाली पूर्ण नाव. आडनावासकट. पाटी लोकांच्या तोंडासमोर उभी केली आणि खुर्चीवर बसले. त्यानंतर माझ्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. मी हॉल रिकामा होईपर्यंत बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात कमिटीचं पत्र आलं. म्हणे आमच्या घरातून वास येतो. मी मीटिंगला गेले. म्हटलं, उद्या सगळे माझ्या घरी या, आत या, बसा, आणि वास दाखवा. कुणी आलं नाही. पत्रही मागे घेतलं नाही. उज्ज्वला आता लिफ्टमध्ये भेटली की मोबाइल काढते. नवरा म्हणतो, शांत राहिली असतीस तर बरं झालं असतं. एका ओळीनंही कुणी माफी मागितलेली नाही आणि मी वाटही बघत नाही.

आईला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, बरं वाटेल तिला. ती म्हणाली, "मंग आता तरी सोड ते."

"नाही सोडणार," मी म्हणाले. तिनं फोन ठेवला. तिचा राग मला कळतो. तो खरा आहे, तो तिनं सोसून कमावलाय. मी तिला परत समजवायला जाणार नाही, आणि तिच्यासाठी रापीही खाली ठेवणार नाही.

खिडकी आता उघडी असते. हातोडीचा आवाज खाली गेटपर्यंत जातो. जाऊ दे. माझ्या कामाला मी यापुढे दुसरं नाव देणार नाही आणि माझं नाव अर्धं लिहिणार नाही. ज्याला घालायचंय त्यानं चामडं म्हणून घालावं, माझ्या हातचं म्हणून घालावं. नाहीतर उघड्या मनगटानं फिरावं.