मोरेश्वरची अक्षरांची वही

बुधवारी सकाळी शमीमभाईंचा फोन आला तेव्हा मी वडपे गावी माझ्या घरी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. शमीमभाई म्हणजे मोरेश्वर भोईरच्या खोलीखाली जो लूमचा, यंत्रमागांचा कारखाना आहे, तिथले मुकादम. त्यांचा फोन मला कधी यायचा नाही, म्हणून नाव दिसल्याबरोबर मी कप खाली ठेवला. "मास्टरजी, भोईरसाहब नहीं रहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आप आराम से आइए. लूम बंद रखा है आज." भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात, बुधवारी नाही. गल्लीत शिरलो तेव्हा आधी ती शांतता अंगावर आली. त्या जिन्यानं मी तीसेक वर्षं चढउतार केली, त्याचा कठडा हाताखाली सतत थरथरायचा. त्या दिवशी तो गप्प होता… मला रडू फुटलं ते त्या कठड्याशी, वर जाऊन त्याला पाहिल्यावर नाही.

आज पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर काही लिहा, असं कॉलेजातल्या दोघांनी सांगितलं. मी हो म्हणालो, आणि मग टाळत राहिलो. कारण खरं लिहायचं तर त्यात माझं फारसं चांगलं काही येत नाही.

मोरेश्वर भोईर आमच्या ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होता. मी तिथंच मराठी शिकवायचो. तो शेलार गावचा, मी वडप्याचा. दोघांच्याही घरी भाताची शेती, आणि दोघांच्याही शेतांवर आता गोडाऊन उभी आहेत. तो बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास, पण नेमणूक सहायकाची. उपकरणं मांडायची, फ्यूज बदलायचे, पोरांनी फोडलेली भिंगं लिहून ठेवायची; शिकवायचं मात्र नाही. शिकवणारे आले, बदलून गेले, हा तिथंच. मुलं त्याला सर म्हणायची आणि तो दर वेळी न चुकता दुरुस्त करायचा, "सर न्हाय, सहायक." यात नम्रपणा किती आणि टोचणी किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

एकदा एका मुलीनं विचारलं, की आर म्हणजे तारेचा रोध, मग केमिस्ट्रीच्या तासाला वायूच्या सूत्रात आर कुठून येतो? शिकवणाऱ्या सरांनी तिला सांगितलं, जे पेपरात येईल तेवढं लक्षात ठेव. मोरेश्वर बाजूला उभा राहून बॅटरीच्या वायरी गुंडाळत होता. बोलणं त्याच्या कामात बसत नव्हतं. पण मधल्या सुट्टीत तो एक जुनं कोरं रजिस्टर काखेत मारून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, अक्षरं सव्वीसच, आणि कामं बघा किती. एकेकाला चार-चार ड्युट्या. आपल्याच कॉलेजासारखं." त्या दिवशी ती वही सुरू झाली. दर अक्षराला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे विज्ञान, उजवीकडे संगीत. कारण हा माणूस दिवसा प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी आमच्या वडप्याच्या भजनी मंडळात पेटीवर असायचा.

ती वही मी इतक्यांदा चाळली आहे की पानं तोंडपाठ झाली आहेत. आमच्यासारख्या पेटीच्या पट्ट्यांनी स्वर ओळखणाऱ्यांना त्यानं सांगितलं, की आपली पांढरी एक म्हणजे त्यांची सी, पांढरी सहा म्हणजे ए. जर्मन लोक आपल्या पांढऱ्या सातला एच म्हणतात, हे कळल्यावर तो लहान पोरासारखा खूष झाला होता, कारण एचचं उजवं पान तोवर रिकामं होतं. "सूर एचपाशी संपतात मास्तर," तो म्हणायचा, "पुढं विज्ञान बहुतेक एकटंच झेडपर्यंत चालत जातं." पीच्या डाव्या पानावर दाब, संवेग, फॉस्फरस, उजव्या पानावर एकच शब्द, 'हळू'. पाश्चात्त्य संगीतात पी लिहिलं की हळू वाजवायचं म्हणे. ते दाखवून तो म्हणाला, "दाबून ठेवलेला माणूस हळूच बोलणार, न्हाय का?" मी हसलो. त्याच्या बोलण्यावर हसायची मला सवयच होती.

त्याची खोली लूमच्या वर, लाकडी जिना चढून. खाली लूमची खटखट, आणि खटखटीच्या तळाशी मोटारींची अखंड घूं घूं. त्यानं ती मोजली होती. वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते आणि दर फेरीला मोटार दोनदा हादरते, म्हणून ती शंभराची घुमते. खर्जातल्या पांढऱ्या पाचच्या अगदी जराशी वर. हे 'जराशी' त्याला सोसेना. घरी पेटी काढली की तो एक स्वर खालच्या आवाजाशी घासायचा. शेवटी त्यानं पेटी दुरुस्तीवाल्याकडे नेली आणि त्या एका पट्टीचा सूर खरवडून थोडा चढवून आणला. दुरुस्तीवाल्यानं हात जोडले म्हणे, की भोईर, चांगला सूर का बिघडवता? मंडळात वाजवताना मोरेश्वर ती पट्टी बिनबोभाट टाळायचा, आणि घरी मुद्दाम तिच्यावर बोट ठेवून बसायचा. "इथून हलता येत न्हाय," तो मला म्हणाला होता, "तर सूर तरी जमवून घ्यावा." त्यावरही मी हसलो.

त्याला एकदा हलता आलं असतं. हे मी परवापरवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींनासुद्धा नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्याची निवड झाली होती. आवाजावर काम करणारी प्रयोगशाळा, म्हणजे त्याची वही चालतीबोलती. पत्र घेऊन तो थेट वडप्याला माझ्याकडे आला, घरी जायच्या आधी. मंडळाचा सप्ताह आठ दिवसांवर होता. मी मुख्य गायचो आणि माझा आवाज दुसऱ्या कुणाच्या पेटीवर उभा राहायचा नाही. तो माझ्यासाठी पांढरी चार धरायचा, मी घसरलो की नकळत सावरून घ्यायचा. मी पत्र वाचलं आणि म्हणालो, "मग पेटी कोण वाजवील? आणि पुण्यात तुला ओळखतंय कोण? इथं निदान दोन गावं नाव घेतात." एवढंच. जाऊ नको असं मी म्हटलं नाही, ही माझी आजवरची पळवाट. त्यानं पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि पेटीचा भाता सोडला. पुढं त्या पत्राचा विषय त्यानं कधी काढला नाही, आणि मीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताचं मनगट थोडं हलायचं आणि तर्जनी उठायची. मान किंचित हलवायचा. समजत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, अक्षरांचा तक्ता आणा. बोट ठेवतील, आपण वाचू." त्यांना बाराखडीचा तक्ता हवा होता. मी, जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, हट्टानं इंग्रजीचा घेऊन आलो. म्हटलं, याची सगळी दुनिया त्या सव्वीस अक्षरांत आहे, हा त्यातूनच बोलणार. भिंतीला खिळा ठोकावा तर खालच्या हादऱ्यांनी गिलावा पडतो. खाटेसमोरच्या दाराला मात्र एक खिळा होता, त्याची प्रयोगशाळेची पिशवी अडकवायचा. आवाज आणि कापसाचे बारीक तंतू आत येऊ नयेत म्हणून ते दार कायम बंदच असायचं. तक्ता मी तिथं लावला.

दुसऱ्याच दिवशी बोट उठलं. सी. वहिनींनी देवाला साखर ठेवली, आणि मी वही काढली. सीची पानं त्यातली सगळ्यात भरलेली. सेल्सिअस? वहिनींनी ताप पाहिला, पंखा वाढवला. त्यानं नाही अशी मान हलवली. पांढरी एक? मी पेटी काढून बराच वेळ तोच स्वर धरून बसलो. नाही. कार्बन म्हणून त्याच्या बोटांत पेन्सिल दिली, ती गळून पडली. लहान सी म्हणजे प्रकाशाचा वेग, तर उजेड हवा असेल म्हणून ट्यूबलाइट बदलली. उष्णता, विद्युतभार, ताल लिहायची खूण… मी रोज एक अर्थ घेऊन वडप्याहून यायचो, आणि खरं सांगतो, मला त्यात मजा वाटायला लागली होती. आमचा जुना खेळच चालू आहे असं वाटायचं. तो आधी मान हलवायचा. पुढं पुढं मान हलवणंही सोडून दिलं, नुसता बघायचा. पण बोट रोज उठायचं आणि तिथंच जायचं. सात आठवडे हे चाललं.

मग दसऱ्याच्या आधीची साफसफाई निघाली. वहिनींनी तक्ता पुसायला म्हणून खाली काढला आणि मोरीत नेला. मी खाटेशी बसलो होतो. त्याचं बोट उठलं, आणि नुसत्या दाराकडे गेलं. तिथं तक्ता नव्हता, सी नव्हती. जुना हिरवा रंग आणि खिळा. बोट तरी तिथंच. वहिनी ओल्या हातानं तक्ता धरून मोरीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "भावोजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "अक्षर न्हाय दाखवत हे. दार दाखवतायत."

मी विचारलं, "मोरू, बाहेर जायचंय?"

त्यानं डोळे मिटले आणि त्यांतून पाणी आलं. सात आठवडे तो माणूस रोज दार दाखवत होता, आणि दारावर तक्ता टांगून मी त्याला प्रकाशाचा वेग विचारत होतो. आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण असा नाही. दुसऱ्या कुणाचा माणूस आजारी असता तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. आम्हीच ते शहाणे, प्रत्येक अक्षराचे वीस अर्थ माहीत असलेले.

रविवारी अकलोलीला न्यायचं ठरलं. दर थंडीत आम्ही दोघं तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचो. तो कॉलेजातला थर्मामीटर घेऊन यायचा आणि प्रत्येक कुंडाचं तापमान मला मोठ्यानं सांगायचा. जिना अरुंद, म्हणून शमीमभाई तीन कामगार घेऊन वर आले. मी खुर्चीला हात लावायला गेलो तर म्हणाले, "आप साइड हो जाइए मास्टरजी. हम रोज तागा उठाते हैं, साहब तो कपड़े के तागे से भी हल्के हैं." पाच महिन्यांनी तो दाराबाहेर पडला. दार ओलांडताना त्यानं डाव्या हातानं चौकटीला बोट लावलं, एवढं मी पाहिलं.

अकलोलीला आम्ही पोचलो नाही. शेलारच्या अलीकडेच गाड्या तुंबल्या. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, वळायलाही जागा नाही. तीन तास आम्ही तिथंच. मी घामाघूम, ड्रायव्हर शिव्या देतोय, वहिनी पुन्हा पुन्हा पाण्याची बाटली त्याच्या ओठांशी नेतायत. रस्त्याकडेच्या खड्ड्यातल्या पाण्यात एक म्हैस बसली होती. मोरेश्वर तिच्याकडे पाहत होता. एका ट्रकनं लांबलचक हॉर्न वाजवला, आणि मी सवयीनं विचारून गेलो, "मोरू, कुठली पट्टी रे ही?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा म्हशीकडे, आणि त्याचं अर्धं तोंड हसलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशेजारी काही न विचारता बसलो असेन. शेवटी रस्ता मोकळा झाला तो परतीच्या बाजूचा. वहिनी म्हणाल्या, पुढच्या रविवारी पहाटेच निघू. पुढच्या रविवारी त्याला ताप होता. त्यानंतरच्या बुधवारी शमीमभाईंचा फोन आला.

पेटी न्या, असं वहिनी मला दोनदा म्हणाल्या. मी नेली नाही. ती तिथंच खाटेखाली आहे, वर वही. गेल्या शुक्रवारी गेलो होतो. लूम बंद होते. मी वहिनींसमोर पुण्याच्या पत्राचं सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मना ठावं हाय. पत्र माझ्याच ट्रंकेत हाय." मला मान वर करवेना, म्हणून मी पेटी ओढली, भाता सोडला आणि खर्जातल्या पांढऱ्या पाचवर बोट ठेवलं. इतकी वर्षं तो स्वर खालच्या घूं घूंमध्ये मिसळून जायचा, निराळा असा मी तो कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी खाली काहीच नव्हतं. तो खोलीत एकटा उभा राहिला, जराशी चढलेला, कशातच न बसणारा… मी भाता हलवत राहिलो. वहिनी उठल्या, दारापाशी गेल्या आणि त्यांनी दार सताड उघडलं.